घरी कुठलं चित्र न्यायचं?

"थांब, सांगू नकोस," आई म्हणाली. "होडीचं. ती वाळूत एकटीच पडलेली होडी आहे ना, तेच."

सवयीने तिच्या तोंडातून निघून गेलं होतं. धाकटीने भिंतीकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं.

"बरोबर!" ती म्हणाली.

आता आपल्याला रडू फुटणार, असं आईला वाटलं. झालं उलटंच. ती हसली. थोरली गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि तेही इतक्या मोठ्याने, की दाराशी स्टुलावर डुलक्या घेणारा रखवालदार दचकून जागा झाला.

खेळ जुनाच होता. आई शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी तिलाही असायची. दोन्ही मुलींना घेऊन ती शहरातली चित्रांची प्रदर्शनं पालथी घालायची. दालनं गार असतात आणि आत जायला कुणी तिकीट मागत नाही, हे तिचं कारण. मुलींचं कारण हा खेळ. दालनातून एक फेरी मारायची, घरी न्यायला मनातल्या मनात एकच चित्र निवडायचं, आणि ते कुठलं हे बाकीच्यांनी ओळखायचं. बोट दाखवायचं नाही. थोरली यात मोठी पक्की. चेहऱ्यावर काही म्हणून दिसू द्यायची नाही. पण आईपुढे तिचं काही चालायचं नाही. ज्यात माणूस नाही, आवाज नाही, असं गप्प चित्र दिसलं की ते थोरलीचं. रिकामी खुर्ची, ओस रस्ता, बंद खिडकी. "एवढीशी पोर, आणि आवड बघा म्हातारीची!" आई चिडवायची. धाकटीची पाळी सगळ्यात शेवटी. ती येईपर्यंत तिला भूक तरी लागायची, नाहीतर झोप तरी.

हिवाळ्यात थोरलीला ताप आला आणि तो तिला घेऊनच गेला. घर मुकं झालं. बाबा दुकानातून उशिरा येऊ लागले. आई ताटावर बसायची आणि तशीच उठायची. सुट्टी लागली तेव्हा धाकटीनेच हट्ट धरला, "चित्रं बघायला जाऊ या ना." आई नाइलाजाने निघाली, आणि पहिल्याच दालनात ती होडी भेटली.

मग आईला नादच लागला. दुसऱ्या प्रदर्शनात झाडाला टेकवून ठेवलेली सायकल निघाली, तिसऱ्यात नुसतं धुकं. आईने प्रत्येक वेळी ओळखलं, आणि प्रत्येक वेळी बरोबर. "अगं, थोरलीची आवड हिच्यात जशीच्या तशी उतरलीय," तिने मावशीला फोनवर सांगितलं. "ती गेली असं वाटतच नाही मला." धाकटी शेजारी बसून ऐकत होती. त्या दिवशी जेवताना आईने भाजी मागून घेतली.

सुट्टीतलं शेवटचं प्रदर्शन होतं. एका चित्रात धो धो पाऊस पडत होता, आणि एक जाडजूड माणूस स्वतः नखशिखान्त भिजत गाढवावर छत्री धरून उभा होता. गाढवाचा चेहरा असा, की ही छत्री त्याच्या वाडवडिलांची. धाकटीला हसू आवरेना. ती तोंडावर हात दाबून पुढे गेली, फिरून मागे आली आणि पुन्हा हसत सुटली.

"ओळखू?" आईने विचारलं. "बागेतल्या बाकाचं. तो करडा, रिकामा बाक."

"बरोबर!"

"वा गं शहाणे! मग मघापासून त्या गाढवापुढे पोट धरून हसतेयस, ते कशाला? मला चकवायला?"

"छे! ते माझं. बाक ताईचा."

बोलून गेल्यावर धाकटीने जीभ चावली. आईला क्षणभर काही समजलं नाही. मग समजलं.

"आणि ती होडी?"

"ताईची."

"सायकल?"

धाकटी बुटाचं टोक फरशीवर घासत राहिली. "मी दुसरंच ठरवलेलं असतं. पण तू ताईचंच ओळखतेस. मग मी बरोबर म्हणते. बरोबर म्हटलं की तू हसतेस."

आईला स्वतःची लाज वाटली. अख्खी सुट्टी आपण या पोरीचा हात धरून हिंडलो, आणि एकदाही तिच्याबरोबर नव्हतो. मुलीची समजूत आईने काढायची, तर इथे सगळी उलटी गंगा. तिने डोळे पुसले, घसा खाकरला.

"चल, शेजारच्या दालनात. आता फक्त तुझं ओळखणार. ताईचं नाही."

धाकटीचा चेहरा खुलला. हात मागे बांधून तिने पळतच फेरी मारली आणि मधोमध येऊन उभी राहिली. "ठरलं!"

आईने भिंतींवरून नजर फिरवली. कोपऱ्यातला निर्मनुष्य पूल थोरलीने नेला असता, हे तिला बघताक्षणी कळलं. आणि धाकटीने? पिवळं घर? नाचणाऱ्या बायका? बाजार, बकऱ्या, मडकी? हिला पिवळा आवडतो की निळा? आई पहिल्या भिंतीपासून शेवटच्या भिंतीपर्यंत गेली, परत आली. गाढवासारखं हसवणारं तिथे काही नव्हतं. आपल्या पोटच्या पोरीला यातलं काय आवडेल, हे तिला कळेना. धाकटी श्वास रोखून उभी होती.

"ते... मडक्यांचं?" आईने भीत भीत विचारलं.

धाकटीने मडक्यांकडे पाहिलंही नाही. ती आईचा चेहरा बघत होती.

"बरोबर!" ती म्हणाली.