दुसरा भाकरतुकडा

लढाईवरून परतलेल्या दाजीसाहेबांवरून साळूबाईने स्टेशनाबाहेर भाकरतुकडा ओवाळून टाकला. दुसरा तुकडा तिने पदराखाली जपला होता, तिच्या मुलासाठी, शिदूसाठी.

लोकलबोर्डाचे सभासद असताना दाजीसाहेबांनी इथेच सैन्यभरतीचे भाषण गाजवले होते. "आन् तुम्ही वो, साहेब? तुम्ही कवा जाताय?" साळूबाईने गर्दीतून विचारले. लोक हसले. चिडून दाजीसाहेबांनी पहिले नाव स्वतःचे लिहवले, दुसरे शिदूने.

आघाडीवर अक्षरशत्रू शिदूची पत्रे दाजीसाहेबच लिहीत. तो लढाईत कामी आला तेव्हा, "त्याच्या आईला मीच कळवतो," असे त्यांनी अधिकाऱ्याला सांगितले. पण हात पुढाऱ्याचाच होता; त्याने आश्वासन लिहिले: मुलगा खुशाल आहे, लढाई संपताच येईल.

"माझा मागनं येतोय न्हवं?" साळूबाईने त्यांच्या खांद्यावरून फलाटाकडे पाहिले.

वाजंत्री थांबली. सारा गाव त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"पुढच्या गाडीनं येईल, बाई."

जयजयकार झाला. मिरवणूक वेशीकडे वळली, तेव्हा हारांच्या ओझ्याखालून दाजीसाहेबांनी एकदाच मागे पाहिले. उरलेला तुकडा पदराच्या गाठीत बांधून साळूबाई फलाटावर बसली होती.