गडी म्हणजे काय?

शब्दकोशासाठी अर्थ गोळा करत फिरणाऱ्या बाईंनी शेतमालकाला विचारलं, "तुमच्याकडे गडी कुणाला म्हणतात?"

"शेतावर राबणाऱ्या नोकराला. वर्षाच्या बोलीवर ठेवायचा, नाही पटलं तर बदलायचा."

बाईंनी ते टिपून घेतलं. पण एकाच तोंडून ऐकलेल्या अर्थावर त्यांचं समाधान होत नसे, म्हणून त्या गोठ्यामागे गेल्या. तिथे मालकांचा म्हातारा गडी विळ्याला धार लावत बसला होता.

"आजोबा, गडी म्हणजे काय हो?"

म्हातारा खुदकन हसला. "खेळात आपल्या बाजूनं असतो ना, तो गडी. लहानपणी खेळायला जमलो की मालकांचं पहिलं बोट माझ्याकडे. 'हा माझा गडी!' साठ वर्षं झाली, अजून चारचौघांत तसंच सांगतात."

बाईंचं पेन जागच्या जागी थांबलं.

"तुम्ही मालकांनाही विचारलं असेल की," म्हातारा उत्सुकतेनं पुढे झुकला. "त्यांनी काय अर्थ सांगितला?"

बाईंनी वही मिटली.

"हाच."

शब्दाच्या अर्थाबद्दल त्या आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलल्या.

"वाटलंच मला," म्हातारा म्हणाला आणि दुप्पट जोमानं विळा घासू लागला.