ओळखीचे रस्ते

लिंबाच्या वड्यांची कृती अर्ध्यात थांबली आणि टॅबवर तेच म्हातारं जोडपं पुन्हा हसत चालू लागलं. ‘ओळखीचे रस्ते चुकताहेत? भीती वाटते? आमच्या गोळीबद्दल आजच डॉक्टरांना विचारा.’

“मेलं आठवडाभर हेच!” आर्डिसनं पिठाच्या बोटानं जाहिरात उडवली. “चर्चमध्ये मयताच्या जेवणाला वड्या न्यायच्यात माझ्या. त्यात साखर किती ते सांगा म्हणावं आधी!”

तिची मुलगी जोलीन समोर कॉफी पीत बसली होती. गावातल्या खत-बियाण्यांच्या दुकानाच्या जाहिराती इंटरनेटवर लावणं, हे तिचं पोटापाण्याचं काम. ती हसली नाही.

“आई, खरं सांग. तू ती चाचणी दिलीस ना?”

“कसली चाचणी?”

“औषध कंपनीची. नावं विसरता का, रस्ते चुकता का, असं गोड बोलून विचारतात. एकदा उत्तरं दिली की जाहिरात त्या घरातून हलत नाही. उगाच कुणाच्या मागे लागत नाहीत गं ते. आम्हीही हेच करतो, फक्त आम्ही कोंबड्यांचं खाद्य विकतो.”

आर्डिसला भलताच राग आला. “मी विसरते? तुझ्या लग्नात कुणी काय आहेर दिला ते आत्ता सांगू? तुझ्या आत्यानं दिलेली तडकलेली बशीसुद्धा आठवतेय मला! आणि रस्त्यांचं म्हणशील तर रोज सकाळी तुझ्या बाबांना सगळे रस्ते मीच सांगते.”

“तू सांगतेस?”

आर्डिस चक्क लाजली. मर्ल शाळेची बस चालवायचा, जोलीन शाळेत जायची तेव्हापासून. पण या नाताळानंतर तो रोज बायकोला सोबत नेऊ लागला होता. तिला पुढच्या बाकावर बसवायचा आणि प्रत्येक वळणावर विचारायचा, ‘आता कुठं, राणीसरकार?’ मग ही ऐटीत हुकूम सोडायची, डावीकडे, उजवीकडे. नियमात ते बसत नव्हतं, पण एवढ्याशा गावात विचारतो कोण? या वयात नवरा असा लाडात आलाय, हे तिनं चर्चमधल्या झाडून साऱ्या बायकांना ऐकवलं होतं.

तेच आता लेकीला सांगता सांगता ती मध्येच थांबली.

घरात राहणारी माणसं दोनच, ती आणि मर्ल. चाचणी तिनं दिली नव्हती.

जोलीननं कप खाली ठेवला. बाहेर अंगणात मर्ल बसच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता, त्याचा आवाज येत होता. बसमधली पोरं आर्डिसच्या डोळ्यांपुढे आली, कानांवर टोप्या ओढून एकमेकांच्या खोड्या काढणारी. त्यांच्या पुढ्यात बसून ती रोज लाजत होती!

दार उघडलं. डाकोटातली सगळी थंडी सोबत घेऊन मर्ल आत आला.

“चला राणीसरकार, पोरं गारठतील.”

“मर्ल,” आर्डिसनं विचारलं, “आपल्या फाटकातून बाहेर पडलं की कुठं वळायचं?”

तो हसला. “ते सांगायचं काम तुझं. मी आपला हुकमाचा ताबेदार.”

कुणीच हसलं नाही. त्यानं मुलीकडे पाहिलं, मग टॅबकडे. ते जोडपं पुन्हा चालू लागलं होतं.

आर्डिसनं हात पुढे केला. “किल्ली दे.”

हुज्जत न घालता त्यानं ती तिच्या पिठानं भरलेल्या तळव्यावर ठेवली. जोलीन शाळेला फोन लावायला बाहेरच्या खोलीत गेली.

“इतकी वर्षं एका छपराखाली काढली आपण.” आर्डिसचा आवाज फाटला. “मला नाही सांगितलंस. आणि त्या गोळ्या विकणाऱ्यांना सांगितलंस?”

मर्लनं डोक्यावरची टोपी काढली. तिच्यावरचा बर्फ फरशीवर पडला.

“त्यांनी विचारलं, आर्डिस.”