कोऱ्या मनाचा चहा

दाराशी निळी बॅग गच्च भरून ठेवली होती आणि वृंदा तिच्याभोवती नुसती घिरट्या घालत होती.

"अरे, पण ही भरली कुणी?"

"मला काय माहीत! माझंही बटण दाबलेलंच होतं," तिचा नवरा विश्राम चिडून म्हणाला.

मनगटावरच्या या पट्ट्या दोघांनी लग्नातच घेतल्या होत्या. मेंदूच्या पेशींत एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. त्याला फॉस्फेटचा कण चिकटला की ते जागं होतं आणि आठवण पक्की करतं. बटण दाबलं की पट्टी तो कण चिकटूच देत नाही, म्हणजे तेवढ्या वेळातलं काहीच आठवत नाही. आता घरोघरी हीच रीत झाली होती. भांडण पेटायच्या आधी दोघांनी बटण दाबायचं, तोंडाला येईल ते बोलून घ्यायचं आणि नंतर कोऱ्या मनाने चहा प्यायचा.

आजही चहा केला होता, पण दोन्ही कप तसेच गार होत होते.

शेवटी वृंदाने बॅगेची चेन ओढली. आत सगळे तिचेच कपडे होते. घड्या मात्र विश्रामच्या हातच्या होत्या, बाह्या आत दुमडलेल्या.

त्याचा चेहरा उतरला. "मी तुला जा म्हणालो, की तूच निघालीस आणि मी भरून दिली?"

वृंदा एका दुमडलेल्या बाहीवरून बोट फिरवत राहिली.

"जाऊ दे. परत कपाटात ठेवतो," म्हणत त्याने बॅग उचलली.

"ठेव ती खाली." तिने स्वतःची पट्टी काढली, मग त्याची. "बस इथे समोर. आधी पुन्हा भांडू."