मास्कचं माप

"पट्टा लावू नकोस. नुसता तोंडावर ठेव आन नाकानं श्वास ओढ," कल्याणप्पा म्हणाले.

बालाजीनं मास्क चेहऱ्यावर दाबला, श्वास ओढला आणि हात सोडले. मास्क क्षणभर टिकला, मग सुटून त्याच्या ओंजळीत पडला. हा तिसरा. आधीचे दोन काउंटरवर मोटारींच्या सुट्या भागांत जाऊन पडले होते.

कल्याणप्पांचं मुरुम गावात पाण्याच्या मोटारींचं दुकान. तरुणपणी नौदलात पाणबुड्याचं काम केलेलं, त्यामुळं कुणी मागितलंच तर ते मुंबईहून डायव्हिंगचं सामानही मागवून देत. मागणारं कोण असतं म्हणा या कोरड्या मुलखात! बालाजी पहिलाच. काळा सूट त्याला नेमका बसला होता, पायातले फिन बसले होते, टाकी आणि श्वासाची नळीही पसंत पडली होती. गाडं अडलं होतं ते मास्कपाशी.

सास्तूरच्या या पोरानं मालवणला पंधरा दिवस राहून डायव्हिंग शिकून घेतलं, ते काही हौसेनं नव्हे. चार महिन्यांपूर्वी त्याचा थोरला भाऊ कुमार मोटारीच्या पाइपात अडकलेला गाळ काढायला तलावात उतरला, तो वर आलाच नाही. तलावाच्या पोटात जुन्या बुडालेल्या विहिरी, वेड्या बाभळी. शोधपथकानं तीन दिवस गळ टाकले आणि हात टेकले.

दाराशी खुर्चीवर बसलेले आबा, म्हणजे बालाजीचे वडील बिभीषण, हे काही मानायला तयार नव्हते. त्यांनी दहावा होऊ दिला नव्हता. सुनेचं कुंकू पुसू दिलं नव्हतं. कुमार पट्टीचा पोहणारा, तो बुडेलच कसा? आदल्या दिवशी आपण त्याला नको ते बोललो, त्या रागानं तो निघून गेलाय, असं ते भेटेल त्याला सांगत. सामान घ्यायलाही ते त्यासाठीच राजी झाले होते. "एकदा खाली जाऊन ये," ते बालाजीला म्हणाले होते, "आन गावाला सांग, तितं कुमार न्हाय म्हून."

बालाजीला मात्र भाऊ हवा होता, निदान त्याची हाडं तरी. हे आबांना सांगायची त्याची छाती झाली नव्हती.

कल्याणप्पांनी चौथा मास्क उघडलाच नाही. ते बालाजीच्या तोंडाकडं बघत राहिले.

"मास्क चांगलेच हायत रे. तुझी मिशी आड येतीय."

"मालवणला बी थोडं पाणी यायचं, अप्पा. नाकानं फुंकून काढायचो मी."

"तितलं पाणी निवळशंख. शिकवणारा शेजारी. हितं गाळात तुला तुझा हात दिसायचा न्हाय. मी काठावर दोर धरतो, पर खाली तू एकटाच हायस. काढून टाक की, दोन मिनिटांचं काम."

बालाजीचा चेहरा उतरला. त्यांच्याकडं बाप जिवंत असताना धडधाकट माणूस मिशी काढत नाही. काढली, तर रस्त्यावरच्या परक्यालाही कळतं की घरातलं कुणीतरी गेलं. आणि आबांच्या लेखी त्यांच्या घरातलं कुणी गेलेलंच नव्हतं.

"मिशी न्हाय काढायची," आबा बसल्या जागेवरून म्हणाले. "दुसरं काय तरी बघा."

कल्याणप्पांनी व्हॅसलिनची डबी काढली आणि मिशीवर जाड थर चोपडला. दुकानामागं मोटारी तपासायचा छातीएवढ्या पाण्याचा हौद होता. बालाजी टाकी पाठीला बांधून, नळी तोंडात धरून, मास्क आवळून त्यात उतरला आणि खाली बसला. आबा हौदाच्या काठाशी येऊन उभे राहिले.

थोडा वेळ बरं चाललं. मग काचेआड पाणी नाकाशी चढलं. त्यानं फुंकून काढलं, ते पुन्हा चढलं, या वेळी डोळ्यांपर्यंत. आबांना दाखवायचंच म्हणून तो नेटानं बसून राहिला. एकाएकी नाकात पाणी गेलं, तोंडातली नळी सुटली, आणि पोहता न येणाऱ्यालाही नुसतं उभं राहता येईल अशा त्या हौदात तो हात झाडत भिंत चाचपू लागला.

आबांनी वाकून त्याचं मनगट धरलं आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून त्याला वर ओढलं. बालाजी बराच वेळ खोकत होता. खोकला थांबला, तरी आबांनी मनगट सोडलं नव्हतं.

"कपडे घाल," ते म्हणाले. "चल."

"कुठं?"

त्याला धरूनच आबा रस्ता ओलांडून समोरच्या सलूनमध्ये शिरले.

न्हाव्यानं बालाजीच्या गळ्याभोवती कापड बांधलं. "दाढी करायची?"

"मिशी काढा," आबा मागून म्हणाले.

न्हाव्याचा हात थांबला. त्यानं आरशात आधी लेकाकडं पाहिलं, मग बापाकडं. आवाज खाली आणत त्यानं विचारलं, "कोण गेलं, बाबा?"

पाण्यात उतरायचंय, मास्क बसत नाही, म्हणून काढतोय, असं सांगायला बालाजीनं तोंड उघडलं. ते खोटंही नव्हतं. आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवलं.

"माझा थोरला."

"कवा?"

"चार म्हयनं झालं," आबा म्हणाले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.