न थांबलेल्या पेशी

"सर, आधी ही बाटली बघा," म्हणत तिनं ती थेट त्यांच्या कीबोर्डवरच ठेवली.

सर प्रयोगशाळेचे प्रमुख. त्यांचा शोधनिबंध दुपारी तीनला पाठवायचा होता आणि फक्त तिची सही राहिली होती. समोर त्यांचा लाडका सीनियर बसला होता. निबंधावर पहिलं नाव त्याचं.

"काय आहे हे?"

"पेशीत डीएनएची नक्कल अडकवायचं औषध. दर वेळी ताजं बनवायचं असतं, ठेवलं की जोर जातो. यावरची तारीख गेल्या वर्षीची आहे. आणि दादा अजून हेच वापरतोय."

सीनियर छताकडे बघायला लागला.

निबंधाचं म्हणणं सोपं होतं. नक्कल अडकली की निरोगी पेशी विभागायची थांबते, दुरुस्ती करते, मगच पुढे जाते. एक विशिष्ट प्रथिन काढून टाकलं की मात्र ती थांबत नाही, तशीच पुढे रेटत राहते. सीनियरच्या पेशी थांबत नव्हत्या. तिच्या मात्र, ताजं औषध घातलं की, ते प्रथिन नसतानाही दर वेळी मुकाट थांबायच्या. म्हणून आठ महिने ऐकवलं जात होतं, हिचा हातच धड नाही. अहो, आठ महिने! पोरीनं एक रविवार घरी काढला नाही, आणि सोमवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर शोभा हिचीच.

"काल मी निरोगी पेशींना हे जुनं औषध घातलं," ती म्हणाली. "त्याही थांबल्या नाहीत. थांबतील कशाला? औषधातच दम नाही, तर नक्कल अडकणार कशी!"

"निरोगी पेशी थांबल्याचा फोटो आहे निबंधात."

"आहे ना. बाटली नवी होती तेव्हाचा. पुन्हा त्या पेशी लावायचा कंटाळा, म्हणून तोच एक फोटो प्रत्येक आकृतीत चिकटवलाय. विचारा की त्याला."

सरांनी विचारलं नाही. पेनाचं टोपण काढून संमतीचा कागद तिच्यापुढे सरकवला. "हे बघ, उगाच राईचा पर्वत करू नकोस. छापून येऊ दे, दुरुस्ती काय, नंतरही पाठवता येते. दुसरं नाव तुझं आहे. ते गेलं तर पदवी कशाच्या जोरावर मागणार तू? पाच वर्षं पाण्यात जातील."

"डोळ्यांना दिसत नाही एवढी ती पेशी, सर. तिलासुद्धा कळतं, आधी दुरुस्ती, मग पुढे." तिचा आवाज चिरकला. चिरकला तर चिरकला. "आपण कोण मोठे लागून गेलो?"

तिनं पेन उचललं आणि स्वतःचं नाव खोडलं. एकदा नाही, तीनदा. कागद फाटला.

सरांनी कागदाकडे पाहिलंही नाही. त्यांनी बाटली हातात घेतली, फिरवून तारीख बघितली आणि सीनियरकडे वळले.

"ही फेकून द्यायला सांगितली होती ना मी तुला, मार्चमध्येच?"