पालीची बदली

"अन्नसाखळीतली एक कडी काढून पाहा, अख्खी सृष्टी कोलमडेल!" पर्यावरणाच्या निवृत्त प्राध्यापकांनी स्टुलावर उभं राहून जगाला बजावलं आणि ते बायकोच्या हुकमाप्रमाणे स्वयंपाकघरातली पाल बुटांच्या खोक्यात धरून शेजारच्या गॅलरीत सोडून आले.

सृष्टी तशीच राहिली. कोलमडलं ते स्वयंपाकघर. दिव्याभोवती किडे, ओट्यावर झुरळं, पिठाच्या डब्यात पाखरं. फवारा मारावा तर बायकोला दमा. सर हातात चप्पल घेऊन दिवसभर पालीची ड्यूटी करू लागले, पण पालीच्या निम्मंही काम त्यांच्याच्यानं होईना.

शेवटी बायकोनं बॅग भरली. "मी निघाले ताईकडे. हे घर आता आपलं नाही, त्यांचं आहे. ते गेले की कळवा." बॅगेची चेन लावताना तिचे डोळे भरले होते. सरांचे तर केव्हाच.

"थांब गं, आलोच!" म्हणत सर तेच खोकं घेऊन शेजारी धावले. "वहिनी, पाया पडतो, पण आमची पाल परत द्या!"

"अहो सर, तिला तर आमच्या मनीनं त्याच दिवशी मटकावलं."

सर दारातच मटकन बसले. शास्त्र स्पष्ट होतं. पालीतली ऊर्जा एक पायरी वर सरकली होती. त्यांनी डोळे पुसले, हातातल्या खोक्याकडे पाहिलं, मग सोफ्यावर पसरलेल्या गलेलठ्ठ मनीकडे पाहिलं.



"वहिनी, जरा मोठं खोकं आहे का?"